एका ओढ्यावरची पाच गावं: स्वयंसेवी भागीदारी टिकवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यात एकाच ओढ्यावर पाच गावं आहेत. तिथल्या तरुणांनी एकत्र येऊन माती-पाण्याची कामं सुरू केली. पहिल्या उन्हाळ्यात श्रमदानाला दोनशे माणसं यायची, यंदा दहा-बारा येतात. माथ्यावरच्या गावाने अंग काढून घेतलं आहे. पायथ्याच्या गावात नवे बोअर पडताहेत. कोणी म्हणतं संस्था नोंदवा, म्हणजे निधी येईल. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: लोक परत कसे आणायचे, नोंदणी करावी का, आणि पैसा कुठून उभा करायचा.

बहुगावी पाणलोटाच्या, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं त्या भागाच्या, कामात मी बरीच वर्षं आहे, आणि हे तीन प्रश्न मी याच क्रमाने पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. उत्तर देताना मात्र क्रम बदलतो, कारण तुमची खरी अडचण तुमच्या पत्राच्या मधल्या ओळीत आहे: माथ्यावरच्या गावाने अंग काढलं आणि पायथ्याला बोअर पडताहेत. श्रमदानाची गर्दी ओसरली ती त्यामुळेच. आपण वर चर खोदायचे आणि मुरलेलं पाणी खाली दुसऱ्याच गावच्या बोअरमधून उपसलं जायचं, हे लोकांना फार लवकर कळतं. ते बोलून दाखवत नाहीत, फक्त यायचे थांबतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमचा माथा कोणाच्या ताब्यात आहे हे मला माहीत नाही. तो वनखात्याचा असेल, गायरान असेल किंवा खाजगी पडीक असेल, आणि प्रत्येक बाबतीत परवानगीची वाट वेगळी आहे. खडक कसा आहे हेही बघावं लागेल. राज्याचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसॉल्टवर आहे, पण मुरमाचा थर कुठे दहा मीटर असतो तर कुठे दोनच. आणि पाचही गावांचं शिवार खरंच एकाच पाणलोटात येतं का, हेही तपासा. कागदावर एका ओढ्याची वाटणारी गावं प्रत्यक्षात निम्मी दुसऱ्याच खोऱ्यात उतरलेली असतात. तालुका कृषी कार्यालयात किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणलोटाचा नकाशा मिळतो. तो आणा, त्यावर पाचही गावांच्या हद्दी आखा आणि बैठकीत भिंतीवर लावा. पुढची निम्मी भांडणं त्या नकाशासमोर उभं राहून बोलली की सौम्य होतात.

आता मुख्य मुद्दा. पाणलोटात एकाने केलेल्या कामाचं फळ दुसऱ्याच्या शिवारात जातं. वरच्या गावाने चराईबंदी केली की शेळ्या-मेंढ्यांचं नुकसान त्या गावचं, पाझर मात्र खालच्या विहिरीला. एका गावात काम करताना हा हिशेब गावातल्या गावात मिटतो, कारण वरच्या वस्तीचा आणि खालच्या मळ्याचा माणूस एकाच पारावर बसतो. पाच गावांत तो आपोआप मिटत नाही, तो मुद्दाम बसून मिटवावा लागतो. बहुगावी भागीदारीचं खरं काम हेच आहे. खोदकाम त्यानंतरचं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं आहे. चंदीगडचा सुखना तलाव 1958 मध्ये बांधला आणि काही वर्षांतच तो गाळाने भरू लागला. गाळ येत होता शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून, आणि त्या टेकड्यांवर गुरं चारत होते सुखोमाजरी नावाच्या छोट्या गावातले लोक. मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा 1970च्या दशकात तिथे गेले. शहराचा तलाव वाचावा म्हणून गावाने गुरं का आवरावीत, हा गावकऱ्यांचा प्रश्न रास्त होता. मग गावासाठीच छोटी धरणं बांधली आणि पाणी शेतीला मिळालं. तरीही चराई पूर्ण थांबली नाही, कारण ज्याला जमीन नाही त्याला पाण्याचा उपयोग नव्हता आणि शेळ्या त्याच्याच होत्या. शेवटी प्रत्येक घराला, भूमिहीनालासुद्धा, पाण्याचा सारखा वाटा ठरला. ज्याला शेती नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा. त्यानंतर कुंपण न घालता टेकडी राखली गेली, गवत आलं आणि तलावात येणारा गाळही पुष्कळ कमी झाला.

तुमच्या माथ्यावरच्या गावाकडे याच नजरेने बघा. त्यांना काय मिळणार आहे? 'सगळ्यांचं भलं होईल' हे उत्तर पुरणार नाही. मी ज्या बैठकांत बसलो आहे तिथे वरच्या गावाच्या मागण्या साधारण एकाच जातीच्या असतात. पहिली म्हणजे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची खात्री, कारण टँकर सगळ्यात आधी त्यांच्याकडे लागतो. दुसरी चाऱ्याची. बंद केलेल्या डोंगरावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचा, आणि चराई बंद असलेल्या काळात खालच्या गावांनी कडबा द्यायचा. तिसरी मजुरीची. डोंगरावर जे मजुरीचं काम निघेल त्यावर आधी वरच्या गावातली माणसं. यातलं एकही अवाजवी नाही. खालच्या चार गावांनी मिळून कडब्याच्या गाड्या वर पाठवल्या, तर त्याचं मोल चार भाषणांपेक्षा जास्त असतं, आणि ते द्यायला कुठला सरकारी निधीही लागत नाही.

इथे एक छोटा आकडा बैठकीत सांगण्याजोगा आहे. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर मातीचा थर वाहून गेला तर ती माती साधारण 13 टन होते, म्हणजे ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या भरून. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ती माती वरच्या शेतकऱ्याच्या शिवारातली सगळ्यात कसदार माती असते, आणि खालच्या बंधाऱ्यात ती गाळ म्हणून बसते. वरच्याची जमीन खंगते आणि खालच्याचा साठा कमी होतो, दोघांचं नुकसान एकाच पावसात होतं. कडब्याची गाडी हा उपकार नव्हे हे यातून समजावता येतं. आणि 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत खालच्या तलावातला गाळ उपसाल, तेव्हा पहिल्या ट्रॉल्या वरच्या गावातल्या हलक्या रानाला जाऊ द्या. वाहतुकीचा खर्च वाढतो हे खरं, पण हा खर्च करण्यासारखा आहे.

बैठकीला कोण बसतं याकडे मी फार बारकाईने बघतो. बहुतेक ठिकाणी पाच सरपंच, दोन-चार उत्साही तरुण आणि एखादा निवृत्त शिक्षक एवढीच समिती असते. सरपंच हवेतच, ग्रामसभेचा ठराव त्यांच्याशिवाय होत नाही. पण समिती फक्त सरपंचांची असेल तर पंचायतीची पुढची निवडणूक तिला फोडते. निवडून आलेल्या नव्या माणसाला जुन्याने सुरू केलेलं काम पुढे न्यावंसं वाटेलच असं नाही. म्हणून प्रत्येक गावातून निदान दोन माणसं अशी घ्या ज्यांचा पंचायतीशी संबंध नाही. त्यात एक मेंढपाळ किंवा गुराखी असावा, आणि सरपण-पाणी वाहणाऱ्या बायकांपैकी एक. डोंगराची जी माहिती या दोघांकडे असते ती कुठल्याच नकाशात नसते. कोणत्या घळीत होळीपर्यंत ओल राहते, कुठे दगड सरकतात, कोणत्या वाटेने शेजारच्या तालुक्यातले कळप येतात, हे त्यांना पाठ असतं. शिवाय चराईबंदीचा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत झाला तर तो पहिल्याच पावसाळ्यात मोडतो, आणि तो मोडणाऱ्याला दोषही देता येत नाही.

आता श्रमदान. दोनशेवरून दहा-बारावर आले म्हणून खचू नका, फक्त दोन वेगळ्या कामांची गल्लत करू नका. सत्यमेव जयते वॉटर कप 2016 ते 2019 या काळात राज्यभर झाला आणि 45 दिवसांच्या स्पर्धेत गावंच्या गावं रानात उतरली. त्या वेळी जो जोम दिसला तो खराच होता, आणि तो मुदतीमुळे होता. मोठ्या संख्येने थोडे दिवस काम करायची ताकद आपल्या गावांत आहे. पण चर आणि बंधारे खोदून संपत नाहीत. त्यांना पुढची अनेक वर्षं थोडी थोडी माणसं लागतात, आणि तेही नेमक्या वेळी.

मातीच्या नाला बांधाचं बघा. पहिल्या पावसानंतर भरावाच्या खालच्या अंगाला ओलसर डाग दिसतो, वाटीएवढा. जवळ जाऊन बघितलं तर खेकड्याचं बीळ असतं, किंवा घुशीचं. त्या वेळी दोन माणसं, एक टिकाव आणि चार टोपल्या चिकण माती एवढ्यावर भागतं. बीळ उकरायचं, ओली माती थरावर थर भरून धुमसायची. तेच काम राहून गेलं तर पाणी त्या भोकातून भरावाची माती घेऊन बाहेर पडू लागतं, भोक आतून रुंदावत जातं, आणि एका मोठ्या पावसात बांध मधोमध फुटतो. मग जेसीबी, डिझेल, आणि पुन्हा निधीसाठी फेऱ्या. सांडव्याचंही तसंच. सांडव्याची कड एका बाजूने वीतभर खचली की सगळं पाणी तिथूनच पळतं आणि दोन पावसांत बांधाच्या बगलेला नवी नाळ पडते. डोंगरावरचे सलग समतल चरही, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर, पहिल्या दोन-तीन पावसांत गाळाने भरतात. ते उपसले नाहीत तर पुढच्या वर्षी पाणी चरावरून वाहतं, आणि जिथे सगळ्यात सखल जागा सापडेल तिथून उतरून खालचे चरही फोडत जातं.

म्हणून दर रविवारी सगळ्यांना बोलावू नका. त्यातून लोक थकतात आणि न येणारा हळूहळू शत्रू ठरतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाचही गावांचं मिळून मोठं श्रमदान ठेवा, आणि ते दर वर्षी वेगळ्या गावच्या शिवारात. त्याची सुरुवात माथ्यावरच्या गावापासून करा. बाकी वर्षभरासाठी प्रत्येक गावात चार-पाच जणांची दुरुस्तीची टोळी पुरे. तुमच्याकडे आज जे दहा-बारा येतात ते नेमके याच कामाचे आहेत. त्यांच्यात बंधारे वाटून द्या, माणसाचं नाव आणि बंधाऱ्याचा गट नंबर लिहून. ज्याचं शेत बंधाऱ्याला लागून आहे त्याच्याकडे तो दिला तर पावसाळी रात्रीसुद्धा कोणीतरी बघून येतं.

दुसरं काम मोजणीचं, आणि माझ्या मते भागीदारीचा खरा कणा तोच आहे. प्रत्येक गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा: काही माथ्याजवळच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची पाणीपातळी मोजा. फार काही लागत नाही. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधायचं आणि विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करून दर वेळी तिथूनच मोजायचं. मोटार बंद करून रात्रभर विहीर तशीच राहू द्यायची आणि सकाळी माप घ्यायचं, नाहीतर उपशाची पातळी मोजली जाते आणि आकडा फसवतो. पाचही गावांत पर्जन्यमापक बसवा. शाळेच्या आवारात बसवला तर मुलं नोंद नीट ठेवतात. हे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, आणि फक्त आपल्या गावचे नव्हे, पाचही गावांचे लिहा. वरच्या गावाची विहीर मे महिन्यात कोरडी आणि खालची भरलेली, हे एका रांगेत लिहिलेलं दिसलं की बोअरचा विषय काढायला वेगळं निमित्त लागत नाही.

आणि तो काढावाच लागेल. पाणी अडवणं सोपं आहे, त्यात फोटो निघतात आणि कोणाचं काही जात नाही. उपशावर बोलणं अवघड, कारण तिथे कोणाचं तरी पीक मध्ये येतं. एक साधं गणित बैठकीत मांडा. 10 टीसीएम साठ्याचा बंधारा, म्हणजे 10 हजार घनमीटरचा, पावसाळ्यात दोनदा पूर्ण भरला तर झालं 2 कोटी लीटर. उसाला वर्षभरात साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागतं, आणि एका हेक्टरला ते 2 कोटी लीटरच होतं. त्यातला काही वाटा पाऊस उचलतो हे धरलं, तरी दोनशे माणसांनी महिनाभर घाम गाळून बांधलेला बंधारा एक-दीड हेक्टर उसात संपतो. हाच साठा ज्वारी-हरभऱ्याला संरक्षित पाणी म्हणून, म्हणजे पीक वाळू नये एवढ्यापुरतं, दिला तर कितीतरी जास्त रान भिजतं. मी उसाच्या शेतकऱ्याला खलनायक मानत नाही. खात्रीचा भाव आणि खात्रीचा खरेदीदार असलेलं पीक तो घेतो, यात त्याचं काय चुकलं? पण श्रमदानाचं पाणी कोणत्या पिकाला, हे ठरवायचा हक्क श्रमदान करणाऱ्यांना आहे.

या वाटेवर आपल्याकडे आधी चाललेली माणसं आहेत. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. हिवरे बाजारने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं. पण ही गावपातळीची उदाहरणं झाली. अनेक गावांचं मिळून बघायचं तर राजस्थानात अलवरच्या बाजूला अरवरी नदीकाठच्या सत्तरच्या आसपास गावांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस नदीची संसद स्थापन केली. जोहड, म्हणजे मातीचे छोटे बंधारे, बांधून नदी वाहती झाल्यावर तिच्या पाण्यावर आणि माशांवर हक्क कोणाचा, हा वाद उभा राहिला होता, त्यातून ती जन्मली. म्हणजे नियमांची गरज काम यशस्वी झाल्यावर जास्त भासते. तुमच्याकडे बोअर पडताहेत ते पाणी वाढल्यामुळेच. तुमच्या कामाला यश आलं आहे, फक्त त्याची वाटणी ठरलेली नाही.

आपल्याच राज्यात नाशिक जिल्ह्यातला वाघाड प्रकल्प बघून या. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्यांवर समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने 1990च्या सुमारास पाणीवापर संस्था सुरू झाल्या, आणि त्याही शेपटाकडच्या, जिथे पाणी पोचतच नव्हतं अशा शेतकऱ्यांच्या. पुढे सगळ्या कालव्यांवर संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पाची एक संस्था उभी राहिली. तुमच्या ओढ्यावर कालवा नाही, पण ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याच्यापासून सुरुवात करायची, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

पहिल्या वर्षी मात्र बंदीची भाषा नको. पाचही गावांत एकदम बोअरबंदीचा ठराव आणाल तर तो एका गावात पडेल आणि त्याबरोबर भागीदारीही. सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून करा, कारण त्याला उघड विरोध कोणी करत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर 1993च्या कायद्यापासूनच निर्बंध आहेत. पाचही गावांचे असे स्रोत नकाशावर दाखवा आणि भोवती वर्तुळ आखा. महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल अधिनियमात तर पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीचीच तरतूद आहे, म्हणजे पाण्याचा विचार गावाच्या हद्दीबाहेर जाऊन करायला हवा हे कायद्यानेही मान्य केलं आहे. एक नियम दोन उन्हाळे पाळला गेला की पुढच्या नियमाला माणसं तयार होतात.

ओढ्याच्या खोलीकरणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या भागात त्याचा आग्रह होणार हे नक्की, म्हणून इथेच सांगतो. यंत्राने ओढा खोल-रुंद करणं दिसायला मोठं काम असतं आणि त्याला पैसाही लवकर मिळतो. पण गाळ काढणं वेगळं आणि तळाचा मुरूम फोडून खाली जाणं वेगळं. आजूबाजूच्या विहिरींना पाणी देणारा थर जर त्या मुरमातच असेल, तर खोल केलेला ओढा त्या विहिरींचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. वरच्या अंगाची विहीर उन्हाळ्याच्या आधीच तळ गाठते, आणि पुन्हा तोच वाद. भूवैज्ञानिकाने जागा बघितल्याशिवाय गाळाच्या खाली जाऊ नका. माथा ते पायथा हा क्रम सोडू नका. वर उपचार न करता खाली खोदलेला खड्डा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

आता नोंदणी. माझं मत आहे की निदान पहिलं वर्ष थांबावं. पाच ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव, एक सामाईक इतिवृत्ताची वही आणि तीन वेगवेगळ्या गावांतल्या माणसांच्या सह्यांनी चालणारं बँक खातं, एवढ्यावर पुष्कळ काम होतं. नोंदणी केली की अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरवावे लागतात, आणि जी माणसं अजून एकमेकांना पुरती ओळखत नाहीत त्यांच्यात पदांवरून पहिली फूट पडते. पुढे मोठी देणगी किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी घ्यायचा ठरला तर नोंदणी लागेलच. तेव्हा 1860चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950चा सार्वजनिक विश्वस्त कायदा या दोन्हीखाली धर्मादाय कार्यालयात ती होते, आणि संस्थेसाठी किमान सात सदस्य लागतात. दर वर्षीचं लेखापरीक्षण आणि बदल अहवाल (पदाधिकारी वगैरे बदलले की धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) वेळेवर देणारा माणूस हाताशी असेल तरच त्यात पडा. अहवाल थकले की संस्था असून नसल्यासारखी होते.

पैशाबद्दल एक परदेशी दाखला देतो, कारण तो तुमच्या रचनेशी फार जुळतो. अमेरिकेत 1962च्या शेती कायद्यातून 'संसाधन संवर्धन आणि विकास परिषदा' सुरू झाल्या. अनेक काउंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी, मिळून एक परिषद करायची, तिच्यावर स्थानिक स्वयंसेवक बसायचे, आणि तिथल्या कृषी खात्याने पगारी समन्वयक आणि कार्यालयाचा खर्च द्यायचा. वाढत वाढत या परिषदा सुमारे 375 झाल्या. 2011 मध्ये केंद्राने हा निधी बंद केला. ज्यांचा सगळा भार त्या एका समन्वयकावर होता अशा कितीतरी परिषदा बंद पडल्या. ज्यांनी स्थानिक वर्गणी, छोटे प्रकल्प आणि इतर देणगीदार आधीच जोडून ठेवले होते त्यांतल्या काही आजही काम करताहेत. स्वयंसेवक दोन्हीकडे होते. त्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या माणसाचं मानधन कुठून येतं, तिथे फरक पडला.

म्हणूनच मी सांगतो, पहिला पैसा यंत्रावर खर्च करू नका, एका माणसावर करा. पाचही गावांत फिरणारा, विहिरी मोजून घेणारा, बैठकीचा निरोप देणारा आणि कागद सांभाळणारा एक समन्वयक हवा, अर्धवेळ असला तरी चालेल. स्वयंसेवी कामात पगारी माणूस कशाला, असं कोणी म्हणेल. त्यांना खानदेशातली फड पद्धत दाखवा. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांचं पाणी शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी स्वतः वाटलं, तरी पाट सांभाळायला पाटकरी आणि राखणीला जागल्या होते, आणि त्यांचा मोबदला लाभधारक मिळून देत. रोजचं काम कोणाच्या फावल्या वेळावर सोडायचं नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. समन्वयकाचं मानधन मात्र बाहेरच्या निधीतून देऊ नका, ते पाच गावांच्या वर्गणीतून जाऊ द्या. वर्गणी घरटी सारखी ठेवण्यापेक्षा ओलिताच्या एकरावर ठेवा. ज्याला पाण्याचा फायदा जास्त त्याने जास्त द्यायचं. त्यामुळे माथ्यावरच्या गावाचा वाटा आपोआप कमी होतो, आणि तोही त्यांना मिळालेला एक न्याय आहे. चर, बंधारे, रोपं यांच्यासाठी मात्र रोजगार हमी, मृद व जलसंधारण विभाग, कृषी विभाग यांच्याच योजना वापरा. ती कामं वर्गणीतून करायचा हट्ट धरू नका, वर्गणी तिथे पुरत नाही.

शेतजमिनीचं एवढंच सांगतो, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. खाजगी रानातली बांधबंदिस्ती सामुदायिक कामात घेताना दोन शेजाऱ्यांमधला जुना बांधाचा वाद उकरला जाणार नाही हे बघा. जिथे मोजणीचा वाद चालू आहे ते गट पहिल्या वर्षी सोडून द्या. उताराला आडवी पेरणी आणि बांधावर गवत या दोन गोष्टींना वाद लागत नाही आणि खर्चही नाही. पाच गावांतल्या पाच शेतकऱ्यांनी एका हंगामात त्या करून दाखवल्या आणि बाकीच्यांना पावसानंतर रान बघायला बोलावलं, तर पुढचं तेच शेतकरी समजावतात.

तर आत्ता लगेच काय? यंदाचा मे हातात असेल तर विहिरी मोजून घ्या, कारण तो आकडा चुकला की पुढे तुलना करायला वर्षभर थांबावं लागतं. त्याच आठवड्यात तुमच्यातल्या दोघा-तिघांनी माथ्यावरच्या गावात जा. ठराव नेऊ नका, प्रस्तावही नेऊ नका. तुम्ही का थांबलात एवढंच विचारा, त्यांचं ऐकून घ्या आणि जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून काढा. तिथल्या मेंढपाळांना वेगळं भेटा, ते सगळ्यांदेखत बोलत नाहीत. मग नकाशासह पाच गावांची बैठक, आणि ती वरच्या गावात.

एक माहिती मला कळवा: माथ्यावरच्या त्या डोंगराच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे? गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची संमती इथून सुरुवात होईल. वनजमीन असेल तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जायचं, तिथे संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का ते विचारायचं, आणि 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा बसतो का तेही बघायचं. खाजगी पडीक असेल तर प्रत्येक मालकाचं संमतिपत्र लागेल आणि गवताच्या वाट्याचा करार आधी करावा लागेल. नेमकं काय आहे ते समजलं की पुढचे कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने करायचे ते सविस्तर लिहितो.